एल-१ वरून एच-१बी: लॉटरीत नाव लागलंय, पण बदलावं का?

उंबरठा | ६ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. आठवडाभर नीट झोप लागलेली नाही.

१८ ऑगस्ट २०२१ ला कंपनीने मला एल-१बी वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला पाठवलं. आधी तीन वर्षं, मग दोन वर्षांचं एक्स्टेन्शन. म्हणजे १७ ऑगस्ट २०२६ ला पाच वर्षं भरतात आणि एल-१बी संपतो. बायको एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आहे. तिच्या आय-९४ वर (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) 'एल-२एस' असल्यामुळे वेगळं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, न काढता ती नोकरी करते. ही नोकरी मिळवायला तिला दीड वर्ष लागलं. आज घरात दोन पगार येतात, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली आहे.

कंपनीने मार्चमध्ये एच-१बी (कुशल नोकरदारांचा व्हिसा) च्या लॉटरीसाठी माझं रजिस्ट्रेशन केलं होतं आणि ३१ तारखेला कळलं की नाव लागलं. सगळे अभिनंदन करतायत. पण वकिलाशी बोलल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. मी एच-१ वर गेलो की तिचा एल-२ संपतो, ती एच-४ वर (एच-१ वाल्याच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) येते आणि तिची नोकरी जाते. शिवाय मला एच-१ ची पूर्ण सहा वर्षं मिळतच नाहीत म्हणे. ग्रीन कार्डचं विचारलं तर कंपनी म्हणते, 'एच-१ वर एक वर्ष काढा, मग बघू.'

आम्हाला इथेच राहायचं आहे, हे दोघांनी मिळून ठरवलंय. अशा वेळी कुणी काय केलं ते सांगाल का? वडिलांची तब्येतही बरी नसते, त्यामुळे कधीही भारतात जावं लागेल.


चाफा | ६ एप्रिल २०२५

डोळे झाकून घ्या एच-१. मी घेतला नाही, त्याची किंमत मोजली आहे.

२०२३ मध्ये माझ्या टीममधल्या अर्ध्या लोकांना काढलं. मी एल-१बी वर होतो. एल-१ त्या एका कंपनीला बांधलेला, दुसरी कंपनी तो ट्रान्सफर करू शकत नाही. हातात ६० दिवस. दोन मुलाखती चांगल्या झाल्या, एका ठिकाणी तर पगारापर्यंत बोलणं आलं. मग त्यांनी विचारलं, 'एच-१बी च्या कॅपमध्ये, म्हणजे लॉटरीच्या वार्षिक कोट्यात, नाव कधी आलं होतं का?' नाही म्हटल्यावर विषय तिथेच संपला. लॉटरी मार्चमध्ये आणि मी जुलैत घरी बसलेलो. मुलीच्या शाळेतून दाखला काढला, गाडी मिळेल त्या भावात विकली आणि ५७ व्या दिवशी विमानात बसलो.

नाव लागणं म्हणजे काय, हे ज्याचं लागलं नाही त्याला विचारा.


सातपुडा | ७ एप्रिल २०२५

उंबरठा, चाफा म्हणतात ते खरं आहे. पण तुमचा प्रश्न घ्यायचा की नाही एवढाच नाही. कसा घ्यायचा आणि कधी वापरायचा, तोही आहे. सविस्तर लिहितो, कारण हे मला कुणी वेळेत सांगितलं नव्हतं.

आधी दिवस मोजू. एच-१बी सहा वर्षांचा, पण एल-१ वर काढलेला काळ त्यातून वजा होतो. १ ऑक्टोबर २०२५ ला तुम्ही एच-१ वर गेलात तर तोवर चार वर्षं दीड महिना वापरलेला असेल. उरतं १७ ऑगस्ट २०२७ पर्यंत. एल-१बी तसाही २०२६ पर्यंत आहेच. म्हणजे या लॉटरीने तुम्हाला सरळ हिशोबाने एकच वर्ष जास्त मिळालं.

मग एच-१ ची खरी किंमत कशात? सहा वर्षांनंतर. पर्म (ग्रीन कार्डाआधी श्रम खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र) किंवा आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एच-१ एकेक वर्ष वाढतो. आय-१४० मंजूर असेल आणि प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) आलेली नसेल तर तीन-तीन वर्षं वाढतो. २००० सालच्या कायद्याने ही सोय झाली आणि आपल्यातले लाखो लोक आज तिच्यावरच इथे आहेत. एल-१ ला ही सोय नाही. आय-१४० मंजूर होऊन टेबलावर पडलेला असला तरी पाच वर्षं झाली की एल-१बी संपला. एल-१ए, म्हणजे मॅनेजरचा, असेल तर सात.

त्यामुळे कंपनीचं 'एक वर्ष थांबा' हे तुम्हाला परवडणारं नाही. पर्म ऑगस्ट २०२६ च्या आत दाखल व्हायलाच हवं. त्याआधी प्रिव्हेलिंग वेज (त्या पदाचा प्रचलित पगार) ठरायला कित्येक महिने, मग जाहिराती आणि उमेदवारांच्या मुलाखती. दाखल केल्यावर निकाल यायला सध्या दीड वर्षाच्या आसपास लागतंय. आज सुरू केलं तर जमेल. पुढच्या वर्षी सुरू केलं तर नाही.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. नोकरी चांगली होती, मॅनेजर माणूस म्हणून सोन्यासारखा. दर तिमाहीला म्हणायचा, 'पुढच्या तिमाहीत नक्की.' पाचवं वर्ष उलटलं तेव्हा जाहिरातसुद्धा निघाली नव्हती. सहा वर्षं भरली, परत गेलो, पूर्ण एक वर्ष अमेरिकेबाहेर काढलं आणि पुन्हा लॉटरीत नाव घातलं. मोठा मुलगा तेव्हा पाचवीत होता. त्याला अजून ते वर्ष आठवतं.

आता वहिनींच्या नोकरीचं. एच-१बी चं पिटिशन, म्हणजे कंपनीचा अर्ज, दोन प्रकारे भरता येतं. चेंज ऑफ स्टेटस मागितलं की १ ऑक्टोबरला तुम्ही आपोआप एच-१ वर जाता. कॉन्सुलर नोटिफिकेशन मागितलं की पिटिशन मंजूर होतं, तुमचं नाव कॅपमध्ये मोजलं जातं, पण तुम्ही एल-१ वरच राहता. एच-१ तेव्हा लागू होतो, जेव्हा तुम्ही बाहेर जाऊन स्टॅम्पिंग (वकिलातीत पासपोर्टवर व्हिसा लावून घेणं) करून परत येता, किंवा कंपनी पुढे इथूनच चेंज ऑफ स्टेटससाठी नवा अर्ज करते. नाव आधीच मोजलेलं असल्याने त्या अर्जाला लॉटरी लागत नाही.

वकिलाला उद्याच विचारा. दुसरा मार्ग घेतलात तर वहिनींची नोकरी निदान २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत टिकते आणि पर्मला तेवढा वेळ मिळतो. वडिलांसाठी जावं लागलं तरी हाच बरा. चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की तो सोडून दिला असं धरतात.


तळटीप | ७ एप्रिल २०२५

सातपुड्यांच्या उत्तराला एक पुरवणी. नुसतं मंजूर पिटिशन हातात असताना, म्हणजे प्रत्यक्ष एच-१ वर आलेले नसताना, पोर्टेबिलिटी मिळत नाही. एच-१ वरचा माणूस नव्या कंपनीने अर्ज दाखल केल्या दिवशी तिथे रुजू होऊ शकतो. तुम्ही एल-१ वर असाल तर नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावं लागेल. तरी लॉटरी लागणार नाही, हे मोठंच. कंपनी ते पिटिशन मागे घेणार नाही, एवढं लेखी मागून ठेवा.


वैशाख | ७ एप्रिल २०२५

मॅनेजर होऊन एल-१ए करून घ्या ना. सात वर्षं मिळतील आणि ग्रीन कार्डही ईबी-१ या पहिल्या गटातून लवकर येईल. आमच्या ऑफिसात दोघांनी केलं.


तळटीप | ८ एप्रिल २०२५

वैशाख, हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो आणि बरेच जण त्यात अडकतात. ईबी-१ च्या मल्टिनॅशनल मॅनेजर गटात पर्म लागत नाही हे खरं. पण अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत, बाहेरच्या शाखेत, किमान एक वर्ष मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केलेलं असावं लागतं. इथे आल्यावर मिळालेल्या बढतीने ती अट भरून निघत नाही. भारतातून स्पेशालिस्ट म्हणून आलेल्या माणसाचा रस्ता तिथेच बंद होतो.

एल-१ए च्या सात वर्षांसाठीही मॅनेजरच्या कामावर किमान सहा महिने आधी झालेले हवेत. पाच वर्षं संपता संपता पद बदललं तर उपयोग नाही.


उंबरठा | ८ एप्रिल २०२५

मी भारतात टेक लीड होतो, हाताखाली कुणी नव्हतं. म्हणजे ईबी-१ नाही.

सातपुडा दादा, तुमचं उत्तर आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचलं. कॉन्सुलरचा पर्याय वकिलाने सांगितलाच नव्हता. विचारल्यावर म्हणाला, 'हो, करता येईल, पण कंपनी सहसा सीओएस (चेंज ऑफ स्टेटस) करते.' एचआरशी बोलतोय.


रानवाट | १० एप्रिल २०२५

धागा वाचून राहवलं नाही. पर्म लवकर करा असं सगळे सांगतायत, पुढची रांगही माहीत असू द्या.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. माझ्या नवऱ्याची ईबी-२ या दुसऱ्या गटातली प्रायॉरिटी डेट २०१४ ची आहे. रांग कुठवर आली ते सांगणारं महिन्याचं व्हिसा बुलेटिन आलं की मी अजूनही उघडून बघते. २०२५ उजाडलं तेव्हा भारताची ईबी-२ ची तारीख अजून २०१२ मध्येच होती.

मुलगी आठ वर्षांची होती आम्ही आलो तेव्हा. येत्या हिवाळ्यात एकवीस पूर्ण होतील आणि त्या दिवशी तिचा एच-४ संपेल. तिचं सगळं शिक्षण इथलं, मैत्रिणी इथल्या, आणि आता तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतंय, जणू ती काल परवा बाहेरून शिकायला आली. अर्जावर 'शिक्षण संपल्यावर कुठे परत जाणार' या अर्थाचा भाग भरताना ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगणार होते तिला?

उंबरठा, घाबरवायला लिहीत नाही. आय-१४० एकदा मंजूर झाला की पुढे कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते, नोकरी बदलली तरी पुढच्या अर्जाला जोडता येते. म्हणून एका दिवसाचासुद्धा उशीर करू नका. आम्ही 'अजून चांगल्या पदावर गेल्यावर करू' म्हणून दोन वर्षं थांबलो होतो. ती दोन वर्षं हातात असती तर लेकीचं वेगळं झालं असतं का, हा विचार डोक्यातून जात नाही.


अबोली | १२ एप्रिल २०२५

मी उंबरठाची बायको. खातं आजच काढलं.

रानवाट ताई, तुमचं लिहिलेलं वाचून खूप वेळ गप्प बसून होते. तुमच्या लेकीला माझ्याकडून खूप शुभेच्छा.

एक प्रश्न. सगळा हिशोब याच्या वर्षांचा चाललाय. मी एल-२ वर काढलेली वर्षं माझ्या नावावर धरतात का? मीही इंजिनिअरच आहे आणि माझी कंपनी पुढच्या मार्चमध्ये माझं नाव लॉटरीत घालायला तयार आहे. आतापर्यंत आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं.


सातपुडा | १२ एप्रिल २०२५

अबोली वहिनी, हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता. चुकलं माझं.

नाही, धरत नाहीत. २००६ पासून हे स्पष्ट आहे की एल-२ किंवा एच-४ वर काढलेला काळ त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एच-१ च्या सहा वर्षांतून वजा होत नाही. तुमचं नाव लागलं तर तुम्हाला पूर्ण सहा वर्षं मिळतील. तुमच्या कंपनीला पर्म आणि आय-१४० करायला भरपूर वेळ असेल. गरज पडली तर उंबरठा एच-४ वर येतील, आणि तुमचा आय-१४० मंजूर झाला की एच-४ ईएडी काढून काम करतील. २०१५ पासून ती सोय आहे.

तुमच्या घरात भक्कम बाजू तुमची आहे. आम्ही सगळे आठवडाभर भलत्याच माणसाची वर्षं मोजत होतो.


उंबरठा | २४ जून २०२५

कळवायचं राहिलं. पिटिशन कॉन्सुलर नोटिफिकेशनने दाखल झालं आणि प्रीमियममध्ये (जादा शुल्क भरून लवकर निकाल) मंजूरही झालं. मी एल-१ वरच आहे. एचआरला तारखांचा तक्ता करून दाखवला, तेव्हा पर्मचंही मान्य केलं. प्रिव्हेलिंग वेजचा अर्ज गेलाय.


वैशाख | २० सप्टेंबर २०२५

कालची घोषणा वाचली का सगळ्यांनी? एच-१बी ला एक लाख डॉलर शुल्क! उंबरठा, तुमचा तर बाहेरून यायचा एच-१ आहे. विमानात बसू नका.


तळटीप | २१ सप्टेंबर २०२५

घोषणा आज, २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या नव्या अर्जांना लागू आहे. आधी दाखल आणि मंजूर झालेल्यांना नाही. उंबरठांचं पिटिशन जूनमधलं, त्यामुळे ते यात येत नाही. काल कित्येक जण सुट्टी अर्धवट टाकून महागडी तिकिटं काढून परत निघाले. हवाई कंपन्यांच्या काउंटरवर रडणारी माणसं पाहिल्याचं मित्राने सांगितलं. कृपा करून अधिकृत पान वाचल्याशिवाय असं काही करू नका.


तळटीप | २२ ऑक्टोबर २०२५

यूएससीआयएसने (हे अर्ज बघणारं सरकारी खातं) परवा, २० तारखेला, खुलासा केलाय. इथे राहून चेंज ऑफ स्टेटस मागितलं आणि ते मंजूर झालं तर एक लाख डॉलर लागत नाहीत. पण निकालाआधी माणूस देशाबाहेर गेला, किंवा चेंज ऑफ स्टेटस नाकारलं गेलं, तर लागतात.

अबोली, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. मार्चमध्ये नाव लागलं तर अर्ज गेल्यापासून निकाल येईपर्यंत देश सोडायचा नाही. कंपनीला प्रीमियम भरायला सांगा, म्हणजे तो काळ कमी होईल.


उंबरठा | ९ नोव्हेंबर २०२५

बाबांची बायपास झाली. फोन आला त्या रात्री निघालो आणि त्यांना घरी आणून सोडून परत आलो. एल-१ चा स्टॅम्प पासपोर्टवर पाच वर्षांचा होता, त्यामुळे येताना अडचण आली नाही. चेंज ऑफ स्टेटस मागितलं असतं आणि ऑक्टोबरपासून एच-१ वर असतो, तर परत यायला स्टॅम्पिंग करावं लागलं असतं. तेवढे दिवस तिथे अडकलो असतो. आयसीयूबाहेर बसून हा विचार करताना सातपुडा दादांची खूप आठवण झाली.

एक इतरांसाठी. आल्यावर आय-९४ उतरवून बघितला तर तारीख मार्च २०२६ ची. माझा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, म्हणून अधिकाऱ्याने तिथपर्यंतच दिली. मंजुरीच्या कागदावर ऑगस्ट २०२६ आहे, पण चालते ती आय-९४ ची तारीख. त्याच संध्याकाळी बघितलं नसतं तर मार्चनंतर बेकायदा ठरलो असतो आणि पत्ताही लागला नसता. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकलाय, वकील दुरुस्तीचं बघतोय.


सातपुडा | १० नोव्हेंबर २०२५

बाबांना आराम पडो. त्या प्रवासाचे बोर्डिंग पास जपून ठेवा. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस पाच वर्षांत धरले जात नाहीत, ते परत मागता येतात. एल-१ ला आणि एच-१ ला, दोन्हीला. पुरावा मात्र आपल्याला द्यावा लागतो. माझ्याकडे २००९ पासूनचे एका पत्र्याच्या डब्यात आहेत.


चाफा | १७ डिसेंबर २०२५

मुंबईत ज्यांच्या एच-१ स्टॅम्पिंगच्या भेटी या महिन्यात होत्या, त्यातल्या बऱ्याच जणांना ईमेल आलंय, तारीख थेट मार्च किंवा त्यापुढची. सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली म्हणून. माझा चुलतभाऊ दोन आठवड्यांच्या रजेवर आला होता, आता अडकलाय. उंबरठा, बाहेर जाऊन स्टॅम्पिंग करून एच-१ लागू करायचा बेत असेल तर सोडा. नवा अर्ज करून इथूनच चेंज ऑफ स्टेटस करा.


अबोली | ११ जानेवारी २०२६

चाफा, धन्यवाद, तोच निर्णय झालाय. कंपनीने मानलं. याच्या पर्मच्या जाहिराती निघाल्यात, एप्रिलमध्ये दाखल होईल असं म्हणतात.

माझं नाव मार्चमध्ये जातंय. निवड आता पगाराच्या पातळीप्रमाणे आहे, चौथ्या पातळीच्या माणसाचं नाव चारदा धरतात, पहिल्याचं एकदा. माझी तिसरी आहे. नाव लागेल की नाही देवाला ठाऊक, पण लागलं तर काय, हे आम्ही नीट मांडून ठेवलंय, आणि त्यातच एक खाच सापडली. याचा एल-१ आणि त्याबरोबर माझा एल-२ संपतो १७ ऑगस्टला. माझा एच-१ सुरू होणार १ ऑक्टोबरला. मधल्या ४४ दिवसांत माझ्याकडे काहीच नाही. एफ-१ वाल्यांना कॅप-गॅप (मधल्या काळापुरती मुदतवाढ) असतो, एल-२ ला नसतो. याने ऑगस्टमध्येच एच-१ लागू केला तर मी एच-४ वर, म्हणजे ४४ दिवस बिनकामाची. कंपनीने तेवढी रजा द्यायला नकार दिला.

मग दोघांनी रविवारी टेबलावर सगळे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पसरले. २०२३ मध्ये नणंदेच्या लग्नाला गेलो होतो त्याचे पूर्ण दिवस २६. ते पुरत नव्हते. याच्या ऑक्टोबरमधल्या प्रवासाचे, जायचा-यायचा दिवस सोडून, २३. एकूण ४९. वकिलाने आज सांगितलं की त्या दिवसांच्या आधारे एल-१ ची मुदत ५ ऑक्टोबरपर्यंत मागता येईल.

बाबांना फोनवर सांगितलं की तुमच्याजवळ बसून काढलेले ते २३ दिवस इथे उपयोगी पडतायत. त्यांना नियम कळला नाही. दोनदा विचारलं, 'म्हणजे सूनबाईची नोकरी राहते ना?'